मामंजींचे चिरूट आणि माझं ओलं फडकं

मी एकदा सासऱ्यांचे चिरूट विड्याच्या पानांसारखे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. एवढंच सांगून मी थांबले, तर ज्यांना चिरूट माहीत आहे ते कपाळावर हात मारतील आणि ज्यांना माहीत नाही ते विचारतील, मग त्यात बिघडलं काय? या दुसऱ्या लोकांत तेव्हा मीही होते. सतरा वर्षांची, नवी सून, आणि जगात जे जे पान म्हणून उगवतं त्याचं मला सगळं कळतं अशा ठाम समजुतीची. त्या पोरीला आज मी हसते, पण जरा जपून हसते. घरात नातसुना आहेत, त्या हसणं लक्षात ठेवतात.

समजूत अगदीच हवेतली नव्हती. इंझोरीजवळ माझ्या वडिलांचा पानमळा होता. वेलावर असतं तोवर पान वेलाचं, तोडलं की ते माणसाच्या हातात. टोपलीला आतून केळीचं पान लावायचं, त्यावर विड्याच्या पानांच्या थप्प्या रचायच्या, वरून ओलं फडकं टाकायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि रोज थप्पी उलटीपालटी करून डागाळलेलं पान बाजूला काढायचं. वैशाखात रस्त्यावरच्या लिंबाची पानंसुद्धा मान टाकत, पण आमच्या टोपलीतलं पान मंगरूळपीरच्या बाजारात असं टवटवीत पोचायचं की जणू बैलगाडीत बसूनच उगवलं. आई लवकर गेली, तेव्हा टोपल्यांचं हे काम माझ्याकडे आलं. धाकटी बहीणही माझ्याकडे आली. दोन्हींत पानं कमी त्रासाची होती.

लग्न होऊन मी वाशीमला आले ती हे ज्ञान पदराला बांधून. हुंड्यात दुसरं फारसं काही नव्हतंच.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, मुंबई-नागपूर लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांवर मास्तर होते. नोकरी संपल्यावर वाशीमला घरी येऊन बसले होते. स्वभावाने शांत, बोलणं मोजकं, चहा बिनसाखरेचा. शौक एकच, चिरूट. विडीत थोडी तंबाखू आणि वरून तेंदूचं पान असतं. चिरुटात आत तंबाखूचं पान, बाहेरही तंबाखूचंच पान, अंगठ्याएवढी जाड वळकटी, रंगाने काळपट. त्यांच्याबरोबरचे एक गार्ड अकोल्याला राहत, त्यांचा जावई मद्रासकडे होता, त्याच्याकडून वर्षातून एकदा चिरुटांची पेटी यायची. त्या पेटीवर वर्ष काढायचं. म्हणून मामंजी रोज ओढत नसत. बाजाराच्या दिवशी, संध्याकाळचं जेवण झालं की ओट्यावर बसून एक.

विडी ओढणारा माणूस विडी काढतो, पेटवतो, मोकळा होतो. मामंजींचं तसं नव्हतं. त्यांचा चिरूट पेटण्याआधी आठवडाभर सुरू व्हायचा. देवदारी फळ्यांच्या पेटीत चिरूट ओळीने झोपलेले, आणि कोपऱ्यात एक भोकं पाडलेली पत्र्याची डबी. डबीत फुटक्या मडक्याची एक खापरी. उन्हाळ्यात रोज सकाळी ती खापरी पाण्यात बुडवायची, मग धोतराच्या सोग्याने अशी पुसायची की हाताला ओल लागू नये पण गालाला गारवा लागावा, आणि पुन्हा डबीत ठेवायची. पावसाळ्यात खापरी बाहेर, तिच्या जागी कोळशाचा तुकडा, आणि ऊन पडलंच तर दुपारी पेटीचं झाकण घटकाभर उघडं. ओढायच्या आदल्या दिवशी ते एक चिरूट निवडत, कानाजवळ धरत आणि दोन बोटांत हलकेच फिरवत. करकरला तर कोरडा, त्याला आणखी मुक्काम. काहीच बोलला नाही आणि बोट दाबलं तर जरासा दबून पुन्हा वर आला, तर तो तयार. कोरडा चिरूट भरकन जळतो आणि जिभेला चटका देतो, ओला चिरूट घडी घडी विझतो. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या या पेटीला सवत म्हणत. घरात पाहुणे असोत की पुरोहित, त्यांच्या तोंडी हेच. "सवतीची आंघोळ झाली का, मंग चहा टाकते," असं सकाळी सकाळी माजघरातून ऐकू यायचं. मामंजी खापरी पुसत राहायचे. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एवढं शिकून घेतलं होतं की काही गाड्या न थांबवता जाऊ द्याव्या लागतात.

त्या वैशाखात वडिलांचा निरोप आला. धाकटीचं लग्न ठरलं होतं, जेठात. मला आठ दिवस आधी पाठवा अशी विनंती होती. आता आमच्या सासरची रीत अशी, की पहिल्या वर्षातली सून माहेरच्या लग्नाला नवऱ्याबरोबर लग्नाच्या दिवशी जाणार आणि अक्षता पडल्या की परत येणार. पाहुणी म्हणून. पण मी पाहुणी कशी जाऊ? धाकटीची वेणी मी घातलेली, तिचे कान टोचले तेव्हा तिला मांडीवर मी धरलेलं. आईच्या जागी दुसरं कोणी नव्हतं. हळद कोण दळणार, तिला रडू आलं तर कोणाच्या पदरात रडणार, की मळ्यातल्या वेलाला मिठी मारणार? आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, रीत मोडायची तर तुझ्या मामंजींनी मोडावी, मी मोडली तर सारं वाशीम मला नावं ठेवील. मामंजींना विचारायची माझी हिंमत नव्हती, म्हणून आत्याबाईंनीच विचारलं. मामंजी म्हणाले, "पाहू."

स्टेशनमास्तराचं पाहू म्हणजे सिग्नल अर्धा वर, अर्धा खाली. गाडी उभीच.

त्यातच त्यांच्या डोळ्यांचं निघालं. एका डोळ्यावर सारा, म्हणजे पातळ पडदा, वाढत होता, अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून ते मोटारीने अकोल्याला निघाले. गार्डसाहेबांकडेच मुक्काम होता. जाण्यापूर्वी त्यांनी मला हाक मारली. आत्याबाईंच्या हाती पेटी देणं म्हणजे सवतीच्या हाती देणं, एवढं त्यांना कळत होतं, आणि माझ्या नवऱ्याला स्वतःचा सदरा जागेवर सापडत नसे. राहिले कोण तर मी. पेटी माझ्यापुढे ठेवून त्यांनी खापरीचं सगळं दाखवलं आणि म्हणाले, सकाळी एवढंच करायचं, दुसरं काहीच करायचं नाही. मग चपला घालता घालता पुढचं बोलले, "आलो का तुह्या माहेरचं बोलू."

हे दोन्ही एका दमात बोलले म्हणून घोटाळा झाला. माझ्या कानाने त्यांची अशी मोट बांधली: पेटी जितकी चांगली राहील तितक्या लवकर मी इंझोरीला. आणि ते दुसरं काहीच करायचं नाही हे जे शब्द असतात ना, ते सतरा वर्षांच्या सुनेच्या कानात शिरतच नाहीत. बाहेरच्या बाहेर जातात.

पहिले दोन दिवस मी खापरी बुडवली, पुसली, ठेवली. तिसऱ्या दिवशी मोठेपणाने एक चिरूट कानाजवळ धरून फिरवला. तो किंचित करकरला. बाहेर ऊन असं, की विहिरीवरून घरी येईपर्यंत ओलं लुगडं अंगावर वाळावं. माझ्या मनात आलं, या एवढ्याशा खापरीने काय होणार? म्हशीला चमच्याने पाणी पाजल्यासारखं. बिचाऱ्या मामंजींना कोणी सांगितलंच नसेल पान कसं जपतात ते. स्टेशनावर कुठे पानमळा असतो? मला त्यांची खरोखर दया आली. ती दया आठवली की आजही माझे कान गरम होतात.

मग मी कामाला लागले. शेजारच्या परसातून केळीचं पान आणलं, पेटीत अंथरलं. जुन्या धोतराचं मऊ फडकं भिजवलं, चिरूट त्यात नीट गुंडाळले, आणि पेटी उचलून माठाच्या घडवंचीखाली नेऊन ठेवली, सगळ्यात गार जागी. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडू लागले. रोज उलटेपालटे करू लागले. काय सांगू, चार दिवसांत ते असे गुबगुबीत झाले, की बाळंतिणीच्या खोलीत धष्टपुष्ट पोरं ओळीने निजवल्यासारखं वाटलं. मी मनातल्या मनात इंझोरीची गाठोडी बांधायला घेतली. धाकटीसाठी बांगड्या, वडिलांसाठी उपरणं, कोणत्या लुगड्यावर कोणती चोळी.

नंतर एका सकाळी फडकं उघडलं, तर दोन चिरुटांची पाठ उकलली होती. फुगून फुगून वरचं पान फाटलं होतं. बाकीच्यांवर पांढरी लव आली होती, ज्वारीच्या शिळ्या भाकरीवर येते तशी. आणि वास म्हणाल, तर तंबाखूचा नव्हता, पावसाळ्यातल्या गोठ्याचा होता.

मी गाठोडी सोडली, म्हणजे मनातली. विड्याचं पान सडलं तर आम्ही ते फेकून देतो, टोपलीत दुसरी पानं असतात. पण मद्रासकडून वर्षाला एकदा येणारी पेटी मी कुठल्या वेलावरून तोडून आणू? शिवाय मामंजी कोणत्याही दिवशी परतणार होते.

आता इथे खरं तर शहाणी बाई थांबली असती. तेव्हाची मी थांबणारी नव्हती. ओल जास्त झाली तर ऊन दाखवायचं, साधी गोष्ट. आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, त्या दिवसांत वाळवणं घातलेलीच असायची. कुरड्या, शेवया, मूगवड्या. मी पदराने एकेका चिरुटाची लव पुसली आणि कुरड्यांच्या रांगेशेजारी त्यांचीही रांग मांडली. कावळा आला, एका चिरुटाकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि कुरडी घेऊन गेला. तेवढी अक्कल मला असती तर.

दुपारी आत्याबाई कुरड्या उलटायला वर आल्या. मी जिन्यातच होते. त्या बराच वेळ त्या रांगेकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता संपलं. मग त्या खाली बसल्या, पदर तोंडात कोंबला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. डोळ्यांतून पाणी आल्यावर म्हणाल्या, "काहून वं, माह्या सवतीचे लेकरं उन्हात टाकले काय?"

मी रडायला लागले तशा त्या जरा भानावर आल्या. मी सगळं सांगितलं, ओलं फडकं, लव, इंझोरी, धाकटी. त्यांनी एक चिरूट उचलला. तोवर वैशाखाच्या उन्हाने त्याचं पार वाळकं कारलं करून ठेवलं होतं. सालं उकललेली, शेंडा वाकडा. आत्याबाईंनी विचार केला आणि सल्ला दिला, चपलेचं चामडं वाळलं का तेल लावतात, तसं जवसाचं तेल लावून पाहा, मऊ होतील, वर चकाकतील. आणि उठता उठता म्हणाल्या, माझं नाव मात्र घेऊ नको.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून चिरुटांना तेल लावत होतो. सासू-सुनेचं आमचं इतकं कधीच जमलं नव्हतं. त्या एकेकाला नावं ठेवत होत्या. वाकडा होता तो त्यांचा दीर, फाटलेला होता तो वन्संचा नवरा. मीही हसले. चिरूट खरंच चकाकले. पेटीत पुन्हा ओळीने निजवले, डबी कोपऱ्यात, खापरी पुसून आत. वरून पाहणाऱ्याला काही कळणार नाही अशी आमची खात्री होती. आमच्या दोघींच्या अकलेची बेरीज केली तरी ती त्या एका कावळ्याएवढी भरली नसती.

मामंजी दुसऱ्याच दिवशी आले, आणि सोबत गार्डसाहेबांना घेऊन आले. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून दोन्ही डोळ्यांवर हिरव्या कापडाची पट्टी. गार्डसाहेब त्यांना हात धरून मोटारीतून उतरवून घेऊन आले होते. ती पट्टी मला देवाची दया वाटली. दिसणार नाही, म्हणजे वाचलो.

संध्याकाळी जेवणं झाली. मित्र आला म्हणून मामंजींनी बाजाराच्या दिवसाचीही वाट पाहिली नाही. ओट्यावर दोघं बसले, मला पेटी आणायला सांगितलं. मी पेटी ठेवली आणि दाराआड उभी राहिले. मामंजींनी झाकण उघडलं आणि थांबले. मग हात घातला, एक चिरूट घेतला, कानाशी नेला. फिरवला. चिरूट करकरला नाही. तो चुरचुरला, पोह्याच्या पापडासारखा. त्यांनी बोटांना लागलेलं तेल अंगठ्याने चोळून पाहिलं. नाकाशी नेलं. गार्डसाहेबांच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती, त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण मामंजींनी तो चिरूट त्यांच्या हातात दिला, स्वतःसाठी दुसरा काढला आणि एवढंच म्हणाले, पेटव.

गार्डसाहेबांनी काडी लावली. चिरुटाने पेट घेतला नाही, भडका घेतला. त्यांच्या मिशीपर्यंत जाळ गेला. त्यांनी फुंकर मारून तो विझवला, एक झुरका घेतला आणि खोकत म्हणाले, "मास्तर, कोनाच्या घरी फोडणी जळून राह्यली?"

आतून आत्याबाईंनी ताबडतोब कळवलं की आमची चूल केव्हाच विझली आहे, आमच्या नावावर घालू नका.

चिरूट बाहेरून कोळसा आणि आतून अजून ओलसर, म्हणून तो मधूनच फट फट वाजत होता आणि विझत होता. मामंजींनी मात्र स्वतःचा पेटवला, विझला, पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मग तो बाजूला ठेवून त्यांनी मला बाहेर बोलावलं. स्टेशनमास्तराला अपघाताची चौकशी करायची सवय असते. ते ओरडले नाहीत. एकामागून एक विचारत गेले. आधी काय केलं, मग काय केलं, मग. मी ओल्या फडक्याचं सांगितलं, केळीच्या पानाचं, माठाखालच्या जागेचं. लव आल्याचं सांगितलं, तेव्हा गार्डसाहेबांनी हातातला चिरूट हळूच ओट्याखाली सोडला. कुरड्यांचं सांगितलं. तेलापाशी आले तेव्हा मामंजींनी विचारलं, ही तेलाची अक्कल कोणाची? मी म्हटलं, माझीच. आत माजघरात कोणीतरी खाकरलं. मामंजींनी पट्टी बांधलेलं डोकं तिकडे वळवलं, जरा वेळ तसंच ठेवलं, आणि परत माझ्याकडे फिरवलं.

"खापरी पुसून ठेवाची होती, तेवढंच सांगितलं होतं ना तुले," ते म्हणाले. "मंग एवढा उपद्व्याप कायले केला?"

मी ठरवून गेले होते की रडायचं नाही. पण पट्टी बांधलेल्या माणसापुढे एक बरं असतं, आपलं तोंड कसं झालं आहे ते त्याला दिसत नाही. मी सगळं बोलून टाकलं. की तुम्ही खूश व्हाल तर मला आठ दिवस आधी पाठवाल असं वाटलं. की माझ्या बहिणीला आई नाही. की हळदीला मी नसले तर ती पाटावर बसेल आणि तिच्या पाठीशी कोणीच नसेल, आणि तिचं मन इतकं हळवं आहे की ती सासरी गेल्यावरही हेच मनात धरून बसेल. की मला चिरुटांतलं काही कळत नाही, पानांतलं कळतं, आणि मला वाटलं पान ते पानच.

गार्डसाहेब मिशी चाचपत होते, किती शिल्लक आहे ते पाहत असावेत. आत्याबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामंजींनी हाताने चाचपत पेटीचं झाकण लावलं, ती मांडीवर ओढून घेतली, आणि तिच्यावर दोन्ही पंजे ठेवून मला म्हणाले,

"सूनबाई, तू उद्याच्याच मोटारीनं निंघ, अन् हळद, लगन, मांडव सारं उरकूनच वापस ये. तवरोक या पेटीले बी जरासं माहेरपण भेटू दे."